अक्कांचा पाय, डोहाचं पाणी

वैशाख संपत आला, पण मी एका जागी बसलेली नाही. उठते, माठाजवळ जाते, माठावरचं फडकं सोडते, पुन्हा बांधते. ओसरीवर येते, ओढ्याच्या दिशेला बघते, परत आत. काशी, माझी नणंद, खांबाला टेकून डावा पाय लांब सोडून बसलेली असते. तिचा तो पाय गुडघ्यात वाकत नाही. चाळीस वर्षांवर झाली, वाकलेला नाही. तूर निवडता निवडता ती माझ्याकडं बघते आणि म्हणते, "वैनी, बुडाखाली निखारा ठिवलाय का कुनी? बसा की जरा."

बसते. मग पुन्हा उठते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

चैत्रात दवाखान्यातली नर्सबाई घरोघर फिरत आली, तेव्हापासून हे सुरू आहे. काशी त्या दिवशी घरी नव्हती, पुतण्याबरोबर अणदूरला खंडोबाला गेली होती. नर्सबाई अगदी कोवळी पोरगी, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. तिनं पिशवीतून एक चित्र काढलं. चित्रात माणसाचा पाय होता आणि घोट्याजवळून पांढरा दोरा बाहेर लोंबत होता. "आजी, हा रोग ओळखता का?" मला हसू आलं. म्हटलं, "पोरी, तू हा चित्रात बघितलायस. मी काडीला गुंडाळलाय."

नारू. आजकालच्या पोरांना नाव माहीत नाही, आणि देव करो, माहीत होऊही नये. पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून शेवयीसारखा किडा डोकं काढतो. हातभर, कधी दोन हात लांब. ओढून निघत नाही. काडीला गुंडाळत रोज दोन बोटं बाहेर काढायचा. तुटला तर मेलात.

नर्सबाईला वाटलं, म्हातारीला काय कळतंय, म्हणून तिनं सावकाश समजावून सांगितलं. "नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो ना आजी, तेव्हाच तो किडा पाण्यात पिल्लं सोडतो. डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यातले बारीक जीव ती गिळतात, आणि तेच पाणी कुणी न गाळता प्यालं की पिल्लं माणसाच्या पोटात. वर्षभरानं पायातून बाहेर. म्हणून दुखरा पाय पिण्याच्या पाण्यात कधी घालू द्यायचा नाही." मला एक गाळायचं फडकं दिलं, चहा घेतला, वहीत खूण केली आणि शेजारच्या दारात गेली.

मी दार लावून घेतलं. भर दुपारी. आमच्या गावात दुपारी कुणी दार लावत नाही.

कारण तसला दुखरा पाय गावच्या डोहात मी घातला होता. माझ्या थोरल्या जावेचा, अक्कांचा पाय. रोज नेमानं, महिनाभर. आणि त्याच डोहाचं पाणी काशीला मी माझ्या हातानं पाजलं होतं. ताटाला ताट लावून जेवतो आम्ही दोघी, इतकी वर्षं, आणि हे तिला ठाऊक नाही. मलाही ठाऊक नव्हतं. आता मला आहे आणि तिला नाही. कसं बसवेल एका जागी?

मी मूळची सोलापूरची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. लग्न होऊन आले ती मोगलाईत. इकडं निजामाचं राज्य, त्याला सगळे मोगलाईच म्हणत. अंतर बैलगाडीनं एका दिवसाचं, पण जणू देश बदलायचा. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. तिथल्या शिपायानं माझी पत्र्याची ट्रंक उघडून नवीकोरी लुगडी उलटीपालटी केली. सासरे हात जोडून म्हणाले, "नई दुल्हन है साब, जाने देव." मी पदराआडून रडत होते. मला वाटलं, ज्या राज्यात शिरतानाच लुगडी विस्कटतात तिथं आपला निभाव कसा लागणार.

तामलवाडीच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला आमचं गाव. सोलापूरच्या आमच्या आळीत नळ होता. नळाचं पाणी बारा महिने एकसारखंच, त्याला ना चव ना वास. इथं आले तेव्हा कळलं की पाण्यालाही दिवस भरतात, पाणीही आजारी पडतं. दिवाळीला ओढा खळखळून वाहायचा, तळातले खडे मोजून घ्यावेत असा. डाळ दोन उकळ्यांत शिजायची. संक्रांतीनंतर त्याचा आवाज बसायचा. शिमग्यापर्यंत धार तुटायची आणि ठिकठिकाणी डबकी उरायची. मग सगळा गाव एका डोहावर यायचा. त्या डोहाला कुणी पूर्वजानं दगडी पायऱ्या बांधल्या होत्या. सात पायऱ्या. सातवी कायम पाण्यात.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला तिथं नेलं. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणत. आमच्याकडं निम्मं बोलणं कानडी असायचं. अव्वा म्हणाल्या, "हे बघ, सहाव्या पायरीवर हुबं ऱ्हायचं. आदी पाय धुवायचे, मग घागर बुडवायची. न धुतल्या पायाचं पानी देवाला चालत न्हाय." सगळ्या बायका तसंच करायच्या. पाय पाण्यात सोडून, घोटे चोळून, मग त्याच पाण्यात घागर. मीही केलं. सोलापुरात चार बुकं शिकलेली मी, पण शंका म्हणून आली नाही. उलट मनाला बरं वाटलं, किती सोवळ्याची माणसं आहेत ही.

आणि सोवळं असं कडक की खालच्या वस्तीतल्या बायकांना त्या पायऱ्यांवर पाऊल टाकायची बंदी. त्यांनी डोहाच्या खालच्या अंगाला, कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करायचा. हातभर खड्डा, त्यात थेंब थेंब पाणी पाझरायचं, करवंटीनं उपसून एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. मी वरून बघायची आणि मनात म्हणायची, बिचाऱ्या. आज हसू येतं. कशाला बिचाऱ्या? वाळूतून गाळून आलेलं निर्मळ पाणी पीत होत्या त्या. बिचाऱ्या आम्ही होतो, पण सांगतो कोण?

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी पाऊस मृगात तोंड दाखवून जो गेला तो गेलाच. पोळ्याला बैलांना अंघोळ घालायला ओढ्यात धड घोटाभर पाणी नव्हतं. ज्वारी कणसात आली नाही. माघातच डोहाची पाचवी पायरी उघडी पडली, मग सहावी, आणि मग आजवर कुणीच न पाहिलेली सातवी. तिच्या दगडावर शेवाळाचा हिरवा लेप वाळून पापुद्रे सुटले होते. काशी ते नखानं खरवडायची. ती तेव्हा बारा-तेराची. परकर खोचून, वेणी पाठीवर नाचवत माझ्याबरोबर पाण्याला यायची. अणदूरच्या एका घरी तिची सोयरीक ठरत आली होती. मला सारखी विचारायची, "वैनी, अणदूरला नदी हाय का वो?" मी म्हणायची, "खंडोबा आहे की, नदी कशाला पाहिजे?"

पाणी आटतं तेव्हा नुसतं पाणी जातं, बाकीचं सगळं तिथंच राहतं, हे मला त्या उन्हाळ्यानं शिकवलं. गुरांची लाळ, कुजकी पानं, पायांचा मळ, माणसाची काळजी, सगळं त्या उरलेल्या पाण्यात घट्ट होत गेलं. आधी कडेला हिरवं झालं. मग मधे तांबूस. मासे तोंड वर काढून हवा गिळायला लागले आणि एका सकाळी पांढरी पोटं दाखवून तरंगले. घागरीच्या आतून पांढरट थर धरायला लागला. डाळ तर शिजायचंच विसरली, अव्वा चिमूटभर खार टाकायच्या. पाण्याला वास यायचा, तो हाताला, मग भाकरीला, मग उशीला.

पाटलानं राखणदार बसवला. गुरं नाहीत, धुणं नाही, अंघोळ नाही, दोरांसाठी अंबाडी भिजवायची नाही. घरटी तीन घागरी. पाय धुवायला मात्र बंदी नव्हती, ते धर्माचं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्यात आमच्या घरात नारू आला.

अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. उंच, सावळ्या, हसल्या की डोळे मिटायचे. मी नवी आले तेव्हा चुलीपुढं रडत बसले होते, तर त्यांनी माझ्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाल्या, "रड, पण पोळ्या गोल येऊ देत." त्या दिवसापासून माझा जीव त्यांच्यात. शिमग्याच्या सुमाराला त्यांच्या उजव्या घोट्याला फोड आला. फुटला, आणि पांढरं डोकं बाहेर. म्हातारा बाळा न्हावी रोज येऊन काडीचा एक वेढा द्यायचा, रुईचं पान गरम करून बांधायचा. अक्का लाटणं चावायच्या. "जळतंय गं, पाय चुलीत घातल्यावानी जळतंय." दिवस दिवस एकच वाक्य.

अव्वांनी सांगितलं, "घागरभर गार पानी वता पायावर. थोडं निवंल."

घागरभर! तीन घागरींत नऊ माणसं आणि दोन बैल. एक अख्खी घागर पायावर ओतून मातीत घालवायची? माझ्या जिवावर आलं. आणि मला अक्कल सुचली. मेलं ते अकलेचं गाठोडं सोलापूरहून घेऊन आले होते ना मी. म्हटलं, पाणी पायाकडं कशाला आणायचं, पायच पाण्याकडं नेऊ. थेंब वाया जायला नको, आणि अक्कांनाही आराम.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा हात खांद्यावर घेऊन मी त्यांना डोहावर नेलं. सातव्या पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावला. आणि काय सांगू, त्यांचं कण्हणं जागच्या जागी थांबलं. चेहरा सैल पडला. माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्यांना डुलकी लागली. किती दिवसांनी ती बाई झोपली होती. मी हलले नाही, मुंग्या आल्या तरी हलले नाही. मला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात पहिलंच पुण्य घडतंय.

काशीही होतीच. तिला तहान लागली. मी घागर भरली, तिच्या ओंजळीत धार धरली. "पी, अजून पी, गार आहे." ती प्याली, ओल्या हातानं तोंड पुसलं आणि उरलेलं पाणी अक्कांच्या पायावर शिंपडलं. तिघी हसलो.

खाली वाळूत सुंदरा झिरा उपसत होती. वस्तीतली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ती उठून उभी राहिली, पदर सावरला आणि लांबूनच म्हणाली, "धाकल्या वैनीसाब, बोलू नये पन बोलती. दुकता पाय प्यायच्या पान्यात घालू नगा. आमी तर ढोराचाबी घालीत न्हाय."

मी काय म्हणावं? "तू तुझ्या झिऱ्याचं बघ." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. सुंदरा पुन्हा वाकली आणि करवंटीनं पाणी उपसायला लागली. त्या करवंटीचा वाळूवर घासल्याचा आवाज मला गेले दोन महिने ऐकू येतोय.

घरी आल्यावर अव्वांनी कौतुक केलं. "सोलापूरची सून लई शानी. पानीबी वाचलं, पायबी निवला." युक्ती गावभर झाली. ज्याच्या घरी नारू तो डोहावर येऊन बसायला लागला. सातवी पायरी भरून जायची. राखणदार काही बोलायचा नाही, दुखऱ्या पायाला पाणी नाही म्हणणं त्याच्या जिभेवर येईना. दयाळू माणसं होती हो आमच्या गावची. दयेनंच घात केला.

आषाढात एका दुपारी वरच्या अंगाला काळं झालं. इथं थेंब नाही, पण कुठंतरी वर कोसळत होतं. आधी वास आला, ओल्या मातीचा नव्हे, शेणाचा आणि कुजलेल्या कडब्याचा. मग आवाज. मग ओढ्याच्या वळणावरून तपकिरी भिंत चालत आली. पुढं फेस, फेसात बाभळीच्या फांद्या, पाचट, फुटकं टोपलं, एक मेलेलं वासरू. वर्षभर माळावर जे जे पडलं, वाळलं, सडलं, ते सगळं उचलून पाणी आमच्याकडं आलं होतं. आणि आम्ही नाचत होतो. बायका हळदकुंकू, खण, नारळ घेऊन धावल्या. ओढ्याची ओटी भरायची आणि नव्या पाण्याच्या तीन ओंजळी प्यायच्या, अशी आमच्याकडं रीत. माती दाताखाली कचकचली. तीन काय, मी पाच प्याले. दुष्काळ संपल्याची चव कुणी ओंजळी मोजून घेतं होय?

आठ दिवसांत घरोघरी हगवण लागली. दोन तान्ही लेकरं गेली, पाटलाची म्हातारी आई गेली. अव्वा निवळीची बी उगाळून घागरीत फिरवायच्या, गाळ खाली बसायचा, वरचं पाणी स्वच्छ दिसायचं. दिसायचं, बस. भादव्यात ओढा नितळला. पुरानं जुना डोह पार धुऊन नेला होता, सातव्या पायरीवर नवी वाळू बसवली होती. अक्कांचा नारू अख्खा निघाला होता, त्या चालायला लागल्या होत्या. मी डोहात वाकून बघितलं, तळाचा खडा न् खडा दिसत होता. म्हटलं, सुटलो. वाईट ते वाहून गेलं.

कसलं वाहून जातंय? डोह धुतला गेला, पण डोह आम्ही आधीच पिऊन बसलो होतो. दुष्काळ आमच्या पोटात होता आणि दिवस मोजत होता.

पुढच्या शिमग्याला घरोघरी नारू निघाला. आळीत एक उंबरा सुटला नाही. पेरणीपूर्वीच्या नांगरटीला माणूस मिळेना, बैल दावणीला आणि गडी खाटेवर. मलाही निघाला, तळपायाला. काशीचा निघाला तो गुडघ्यात. बाळा न्हाव्यानं काडी लावली. पोर ती, आगीनं तडफडायची, आणि एकदा तळमळून कूस वळताना काडी कशाला तरी अडकली आणि नारू आत तुटला. गुडघा कलिंगडाएवढा झाला. तुळजापूरहून हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी लेप दिला, पट्ट्या बांधल्या, बजावलं, "पानी बिलकुल नही लगना." काशी रात्रंदिवस ओरडायची, "पानी वता वो पायावर, कुनीतरी वता." आम्ही म्हणायचो, हकीम नको म्हणतात, पोरी. मी त्याच खोलीत पडलेली, माझा पाय फडक्यात. मी भिंतीकडं तोंड केलं होतं.

ती जगली. पाय वाकायचा राहिला तो राहिलाच. अणदूरची माणसं आली, चहा-पोहे झाले, काशी आतून ताट घेऊन आली तेव्हा तिचं चालणं त्यांनी बघितलं. "निरोप धाडतो," म्हणाले. त्या निरोपाची वाट अव्वांनी मरेपर्यंत बघितली.

त्या साली वस्तीत मात्र एकालाही नारू नव्हता. आता कळतंय का ते. तेव्हा गावाला एवढंच दिसलं की त्यांना नाही आणि आम्हाला आहे. कुणीतरी म्हणालं, त्यांनीच काही केलंय. एका सकाळी त्यांचा झिरा दगडांनी बुजवलेला होता. सुंदरानं काही न बोलता दहा पावलं खाली दुसरा उकरला. मला तिचे शब्द आठवत होते, दुकता पाय पान्यात घालू नगा. खाट सोडून उठायला हवं होतं, चार माणसांत सांगायला हवं होतं की त्या बाईनं आपल्याला आधीच सावध केलं होतं. मी पडून राहिले. पाय दुखत होता ना माझा! निमित्त चांगलं होतं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. नाका उठला. गावात मुलींची शाळा आली आणि चार बुकं शिकलेली मीच तिथं बाई झाले. पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, पाणी गाळून व उकळून प्यावे. पोरींकडून घोकून घेतलं. हे गेले, अव्वा गेल्या, अक्का गेल्या. घरात उरलो मी आणि काशी. तिचा पाय फरशीवर ओढल्याचा आवाज हेच माझं घड्याळ.

तर दोन महिने मी असं घर तुडवत होते. कधी वाटायचं, कशाला सांगायचं? चाळीस वर्षांपूर्वीचं मढं उकरून कुणाचं भलं होणार? सगळ्यांनीच तर पाय धुतले होते त्या पाण्यात. मी नसते तरी झालंच असतं. मग वाटायचं, हे जर इतकं खरं आहे तर तिच्या नजरेला नजर का देता येत नाही? तिनं पाणी मागितलं की माझ्या हातून तांब्या का सांडतो? ती म्हणायची, "वैनी, म्हाताऱ्या झालासा. तांब्या धरवंना."

ज्येष्ठ लागला आणि ओढ्याला पाणी आलं. पूर बघायला जायचं हा काशीचा दर वर्षीचा हट्ट. काठी टेकत, पाय ओढत, आम्ही दोघी पुलावर गेलो. खालून तेच तपकिरी पाणी, तोच फेस, आता त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. डोह कुठं होता तेही सांगता येत नाही. काशी कठड्याला रेलून पोरीसारखी बघत होती. मी म्हटलं, "काशे, तुझा पाय माझ्यामुळं गेला."

"आं?"

मी सगळं सांगितलं. नर्सबाई, चित्र, पिल्लं, अक्कांचा पाय, वाचवलेली घागर, तिच्या ओंजळीत धरलेली धार. सुंदरा काय म्हणाली तेही. पाण्याच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात, पण दुसरा इलाज नव्हता.

काशीनं एकदाही मान वळवली नाही. एक बाभळीचं खोड गोल फिरत आलं, पुलाखाली गेलं. मग ती म्हणाली, "चला. भुरभुर यायलीय."

तीन दिवस ती बोलली नाही. माझ्या हातचं पाणी घेईना. तहान लागली की स्वतः उठायची, पाय ओढत माठापाशी यायची, भिंतीला धरून वाकायची, स्वतः घ्यायची. मी चुलीपाशी बसून तो आवाज ऐकायची. त्या तीन दिवसांत मी मात्र एका जागी बसले होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी पाणी गाळत होते. नर्सबाईचं फडकं घागरीच्या तोंडावर, वरून हंड्याची धार. ओसरीवरून आवाज आला.

"वैनी."

"काय गं?"

"अक्काला गार वाटायचं का?"

मी हंडा खाली ठेवला. म्हटलं, "वाटायचं. पाय पाण्यात गेला की कण्हणं थांबायचं. माझ्या खांद्यावर झोपायच्या त्या."

काशी आपल्या ताठ पायाकडं बघत बसली. मग म्हणाली, "त्यातलं तुमाला कुनाला काय ठावं हुतं? त्याचं मला काय न्हाय. पन माझ्या पायावर कुनी वतलं न्हाय, वैनी. मी किती आरडले. तुमी त्याच खोलीत हुता. जाग्या हुता. मला दिसत हुतं."

डोहाच्या पाण्याचा गुन्हा मी चाळीस वर्षं लपवला असं नाही. तो तर मला दोन महिन्यांपूर्वीच कळला. हा दुसरा, भिंतीकडं तोंड फिरवल्याचा, मात्र तिला पहिल्यापासून ठाऊक होता, आणि हे पोटात ठेवून ती माझ्या ताटाशेजारी जेवत होती.

मी गाळलेल्या पाण्याची घागर उचलली, कंबरेवर घेतली, ओसरीवर आले. खाली बसले. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. तो जुना व्रण, कवडीएवढा, पांढरा. मी घागर कलती केली.

"अवो, प्यायचं पानी हाय ते!" काशी ओरडली. "गाळल्यालं हाय!"

"असू दे."

पाणी गुडघ्यावरून, पोटरीवरून, बोटांवरून वाहत ओसरीच्या पायरीवरून अंगणात गेलं. मी थांबले. घागर अजून निम्मी होती. काशीनं डोळे मिटले होते.

"थांबू नगा," ती म्हणाली. "समदी वता."